आहारविषयक गटचर्चेची कुळकथा

आहारशिक्षणातील गटचर्चा, म्हणजे जाणकाराने एकट्याने न बोलता जमलेल्या बायकांनी आपापल्या अडचणी मांडून काहीएक ठरविण्याची रीत, अंगणवाडीच्या कामकाजात आज इतकी रुळली आहे की ती शासकीय परिपत्रकातून जन्मली असावी असे वाटते. तिचे शास्त्रीय मूळ मात्र दुसऱ्या महायुद्धकाळातील अमेरिकेत, आयोवा येथे आहे.

युद्धामुळे चांगले मांस सैन्याकडे जात असताना गृहिणींना हृदय, मूत्रपिंड असे एरवी नकोसे वाटणारे भाग रांधायला कसे प्रवृत्त करावे, हा प्रश्न जर्मनी सोडून आलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्यापुढे होता. त्यांनी रेडक्रॉसच्या सहा स्वयंसेविका-गटांपैकी तीन गटांना व्याख्यान ऐकविले, तर उरलेल्या तीन गटांत चर्चा घडवून शेवटी हात वर करून निर्णय विचारला. पुढे चौकशी केली तेव्हा ते पदार्थ घरी रांधणाऱ्या बायका व्याख्यानाच्या गटांत ३ टक्के, चर्चेच्या गटांत ३२ टक्के निघाल्या. १९४३ मध्ये हे प्रसिद्ध करताना लेविन यांनी घरात कोणते अन्न यावे हे ठरविणाऱ्या व्यक्तीला ‘द्वारपाल’ म्हटले, आणि हीच त्यांची सर्वांत मोलाची देणगी होय. १९५५ मध्ये एडिथ बेनेट यांनी दाखविले की परिणाम चर्चेचा नव्हे, तर निर्णयाचा आणि बहुतेकींचे तेच मत आहे या जाणिवेचा असतो.

महाराष्ट्रात १९७० पासून जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी अल्पशिक्षित ग्राम आरोग्यसेविका, शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे यांच्या बळावर पोषणाचा प्रश्न गावाच्याच बैठकीत आणला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी दिली, तर २०१८ च्या पोषण अभियानाने गावपातळीवरील सामूहिक कार्यक्रमांना नेमके रूप दिले.

लेविन यांचा द्वारपाल इथेही भेटतो: उदाहरणार्थ, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील साखऱ्यासारख्या गावात घरात काय शिजावे हे पुष्कळदा सासू ठरविते. म्हणून केवळ गरोदर सुनांना बोलावून भरविलेली बैठक द्वारपालाला दाराबाहेरच ठेवते. तेव्हा अंगणवाडीताईंनी सासवांनाही बोलवावे, आणि ज्वारी, तूर, शेवगा यांपैकी येत्या आठवड्यात काय शिजविणार हे प्रत्येकीने उठण्यापूर्वी सर्वांसमक्ष सांगावे.