शिरपूरची खिडकी



मागच्या आठवड्यात डोंबिवलीत आमच्या महिला मंडळाची बैठक झाली. महावीर जयंतीची मिरवणूक दुसऱ्या पंथाच्या मंडळाबरोबर काढायची का, एवढाच विषय. आल्या तेव्हा बहुतेकजणी "बघू, वेगळी काढली तर बरं" म्हणत होत्या. मग एकीने जुना अपमान काढला, दुसरीने त्याहून जुना. तासाभरात "त्यांच्याशी बोलायचंच नाही" असं ठरलं. माझाही हात वर होता. आणि माझं माहेर त्याच दुसऱ्या पंथाचं!

रात्री झोप येईना. शिरपूर आठवत राहिलं.

वाशीम जिल्ह्यातलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं शिरपूर. १९०५ मध्ये तिथे दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी मिळून पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. चक्क वेळापत्रक, सोसायटीत पाण्याचं असतं तसं. पुढे मूर्तीच्या लेपावर कटिसूत्राच्या खुणा असाव्यात की नसाव्यात, यावरून बिनसलं. १९१० मध्ये दावा लागला तो थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १९२९ चा निकाल असा, की व्यवस्थापन श्वेतांबरांकडे आणि दिगंबरांना ठरल्या वेळी पूजेचा हक्क. म्हणजे वेळा त्याच, १९०५ च्या! तरी भांडण मिटलं नाहीच. १९८१ मध्ये कुलूप लागलं, ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघालं. मधली ४२ वर्षं भाविकांनी दारातल्या छोट्या खिडकीतून दर्शन घेतलं.

कोण खरं, ते मी लिहिणार नाही. मला दिसतं ते एवढंच, की वेळा ठरल्या तेव्हा दोन्ही पंथ एकत्र बसले होते. नंतर जो तो आपल्याच माणसांत बसला असणार, आमच्यासारखा.

पॅरिसमध्ये मोस्कोविची आणि झावालोनी या दोन अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना गटात चर्चा करायला लावली होती. तो अभ्यास १९६९ मध्ये छापून आला. राष्ट्राध्यक्ष द गॉल मुलांना आधीच आवडत होते, ते चर्चेनंतर जास्त आवडू लागले. अमेरिकन लोक नावडते होते, ते आणखी नावडते झाले. सगळ्यांची ओढ एकीकडेच असली, की कारणंही एकाच बाजूची जमतात. शिवाय आपली श्रद्धा शेजारणीपेक्षा कमी दिसलेली कुणाला चालते?

पुढची बैठक रविवारी आहे, माझ्याच घरी. दुसऱ्या मंडळाच्या दोघींना मी चहाला बोलावलंय. आमच्या अध्यक्षबाईंना अजून सांगितलेलं नाही.