विलायतेचा गोठलेला हिवाळा : १९४७

स्वातंत्र्याचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकास २० फेब्रुवारी १९४७ ही तारीख परिचयाची असते. त्या दिवशी पंतप्रधान ॲटली यांनी ब्रिटिश पार्लमेंटात जाहीर केले की, जून १९४८ पर्यंत हिंदुस्थानची सत्ता हिंदी लोकांच्या हाती सोपविण्यात येईल. हे निवेदन ज्या इमारतीत झाले तिच्या भिंतींबाहेर त्या दिवशी काय चालले होते, याचा उल्लेख मात्र आपल्याकडील ग्रंथांतून क्वचितच आढळतो. बाहेर गोठलेले लंडन होते. घरगुती वीज दिवसातून पाच तास बंद होती, कारखान्यांना कुलपे लागली होती, लाखो कामगार घरी बसले होते आणि क्यू येथील वेधशाळेस जवळजवळ तीन आठवडे सूर्यदर्शन घडलेले नव्हते.

आम्ही काही इतिहासाचे पंडित नव्हे. बी. ए. ला इतिहास विषय घेतला होता एवढेच. पुढील सारे आयुष्य केंद्र सरकारच्या फायलींत गेले. तथापि त्यामुळेच या हिवाळ्याची कथा आम्हांस विशेष वाटते. दिल्लीत पारा चार अंशांवर उतरला की आम्ही मराठी मंडळी दोन स्वेटरांवर कोट चढवून मंडळाच्या तिळगुळास येतो आणि थंडीला नावे ठेवतो. पण थंडी ही केवळ पाऱ्याची गोष्ट नसून वखारीतील साठ्याची, रेल्वेच्या वाघिणींची आणि मंत्र्यांच्या टेबलावरील टिपणांचीही गोष्ट असते, हे विलायतेच्या त्या दोन महिन्यांनी जसे दाखविले तसे फार थोड्या प्रसंगांनी दाखविले असेल.

निसर्गाने आरंभी फसविले. १९४७ च्या जानेवारीच्या मध्यास हवा इतकी उबदार होती की, काही ठिकाणी तापमान १४ अंश सेल्सियसवर गेले. मग स्कँडिनेव्हियावर वातावरणाचा जास्त दाब स्थिरावला, पूर्वेकडील कोरडे गार वारे इंग्लंडवर वाहू लागले आणि २२ जानेवारीपासून १७ मार्चपर्यंत, म्हणजे ओळीने ५५ दिवस, त्या देशात कोठे ना कोठे रोज बर्फ पडला. २९ जानेवारीस एसेक्स परगण्यातील रिटल येथे पारा शून्याखाली २१ अंशांपर्यंत उतरला. मध्य इंग्लंडच्या तापमानाच्या नोंदी १६५९ पासून उपलब्ध आहेत. त्या साऱ्यांत १९४७ चा फेब्रुवारी सर्वांत थंड ठरला. १९६२-६३ चा हिवाळा एकंदरीत याहून कडक होता हे खरे, पण त्याने देश असा बंद पाडला नाही. याचे कारण आकाशात शोधून मिळत नाही. ते जमिनीवर, नव्हे जमिनीखाली, शोधावे लागते.

त्या काळी ब्रिटनचे सर्व काही कोळशावर चाले. घरातील चूल व भिंतीतील शेगडी, रेल्वेची इंजिने, गॅस, वीज, पोलाद, सारे कोळशावर. १ जानेवारी १९४७ रोजी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. खाणीखाणीवर नव्या राष्ट्रीय कोळसा मंडळाचे फलक लागले. कामगारांच्या दृष्टीने तो सोन्याचा दिवस होता. परंतु वीजकेंद्रांतील साठा नेहमीच्या दहा-बारा आठवड्यांऐवजी चारएक आठवड्यांचाच होता. शिवाय शेगडीस कोळसा पुरेसा मिळत नाही म्हणून लोकांनी विजेच्या शेगड्या घेतल्या होत्या. ज्या कोळशाची बचत व्हायची तोच आता वीजकेंद्रांत जळू लागला.

हे कोणास ठाऊक नव्हते असे नाही. पंतप्रधानांच्या कार्यालयातील डग्लस जे या अधिकाऱ्याने १९४६ च्या उन्हाळ्यातच आकडे मांडून सावध केले होते. इंधनखात्याचे मंत्री इमॅन्युएल शिनवेल यांचा विश्वास मात्र आकड्यांपेक्षा माणसांवर अधिक. खाणी आपल्या झाल्या की कामगार जोमाने कोळसा काढील आणि वेळ निभावून जाईल, असे त्यांना वाटे. पंतप्रधानांनी आकडेवारीच्या नादी लागू नये, मोजता न येणाऱ्या गोष्टींकडेही पाहावे, असे त्यांनी ॲटलींना सुचविल्याचे जे यांनी पुढे सांगितले आहे. ज्यांनी सरकारी नोकरीत टिपणे लिहिली आहेत, त्यांना हे वाक्य कोणत्या ना कोणत्या स्वरूपात ऐकल्यासारखे वाटेल! शिनवेल हे अप्रामाणिक नव्हते, आणि कामगारांवरील त्यांचा विश्वासही अगदीच अनाठायी ठरला नाही. अनेक खाणींत माणसे रविवारीही उतरली. पण काढलेला कोळसा खाणीच्या तोंडाशीच पडून राहिला. रूळ बर्फाखाली गेले, वाघिणींतील कोळसा गोठून दगड झाला, आणि टाइन नदीतून लंडनला कोळसा आणणारी जहाजे वादळामुळे बंदरांत अडकून पडली. मोजता न येणाऱ्या गोष्टी आल्या खऱ्या, पण शिनवेल यांच्या बाजूने आल्या नाहीत.

७ फेब्रुवारीस, शुक्रवारी, शिनवेल यांनी सभागृहात एकाएकी सांगितले की, सोमवारपासून लंडनसह आग्नेय इंग्लंड, मिडलँड्स आणि वायव्य इंग्लंड येथील कारखान्यांची वीज बंद होईल. घरांनाही सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार वीज मिळणार नव्हती. टेलिव्हिजन थांबले, बीबीसीचा 'थर्ड प्रोग्राम' थांबला, साप्ताहिके व मासिके दोन आठवडे निघाली नाहीत. सुमारे वीस लाख लोक कामावाचून बसले. सरकारी कचेऱ्यांतून मेणबत्त्यांच्या उजेडात आणि ओव्हरकोट घालून काम चाले. राजे सहावे जॉर्ज सहकुटुंब दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होते. प्रजा गारठलेली असता आपण उन्हात आहोत याची त्यांना इतकी टोचणी लागली की, त्यांनी परत येण्याची तयारी दर्शविली. पण परतल्याने घबराट वाढेल, असे सरकारचे मत पडले.

सामान्य माणसाने हे कसे सोसले? युद्ध जिंकून पावणेदोन वर्षे झाली होती, आणि महायुद्धातही ज्या पावावर रेशन नव्हते त्यावर जुलै १९४६ पासून ते आलेले होते. त्यात आता नळ गोठले. इंग्रजी घरांत पाण्याचे नळ बहुधा बाहेरच्या भिंतीवरून नेलेले असत, त्यामुळे ते घरोघर फुटले. गॅसच्या कारखान्यांसमोर बाया मुलांच्या बाबागाड्या घेऊन रांगेत उभ्या राहत. गाडीत मुलाच्या जागी कोकची पिशवी घालून घरी नेत. बटाट्याचा ७०,००० टन साठा गोठून नासला. काही ठिकाणी शेतातील कंदमुळे काढण्यास रस्ते फोडण्याचे ड्रिल वापरावे लागले. डोंगराळ भागांत मेंढ्या बर्फाखाली गाडल्या गेल्या. मेंढ्या व कोकरे मिळून सुमारे चाळीस लाख दगावली असा अंदाज आहे. रूळ मोकळे करण्यास ब्रिटिश सैनिकांबरोबर पोलिश सैनिक आणि अद्याप मायदेशी न पाठविलेले जर्मन युद्धकैदीही फावडी घेऊन उतरले. दोन वर्षांपूर्वी शत्रू असलेली माणसे एकाच रुळावरचा बर्फ उपसत होती.

स्टॅफर्डशरमधील ग्रिंडन परिसरातील गावे बर्फाने तुटली होती. १३ फेब्रुवारीस त्यांच्यासाठी अन्न टाकण्यास निघालेले हॅलिफॅक्स जातीचे विमान हिमवादळात माळावर कोसळले. सहा वैमानिक-कर्मचारी आणि सोबतचे दोन वृत्तछायाचित्रकार, आठही जण मृत्यू पावले.

जिंकलेल्या देशाची ही स्थिती, तर हरलेल्याची काय असेल! जर्मनीत तो हिवाळा उपासमारीचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी ३१ डिसेंबर १९४६ च्या प्रवचनात असे सांगितले की, जीव जगविण्यास लागणारी वस्तू काम करून किंवा मागून मिळत नसेल तर गरजवंताने ती घेण्यास हरकत नाही. लोकांनी त्याचा अर्थ लगेच लावला. मालगाडीतून कोळसा उचलण्यास त्यांच्या नावावरून एक क्रियापदच रूढ झाले.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. या थंडीमुळे हिंदुस्थान स्वतंत्र झाला असे कोणी म्हणेल, तर आम्ही ते मुळीच मान्य करणार नाही. ४२ चा लढा, लाल किल्ल्यातील आझाद हिंद सेनेचे खटले, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार'वर सुरू झालेला नाविकांचा उठाव, हे सारे घडून गेले होते. ब्रिटनवर हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंडांचे देणे होते. सत्तांतराची मुदत ठरविण्याची चर्चाही डिसेंबर १९४६ पासून चालू होती, आणि माउंटबॅटन यांनी व्हाइसरॉयपद स्वीकारताना तारखेचाच आग्रह धरला होता. हिवाळ्याने केले ते इतकेच की, दुसरा मार्ग शिल्लक ठेवला नाही. परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांना मुदत जाहीर करणे पसंत नव्हते. पण ज्या सरकारला राजधानीतील दिवे लावता येत नाहीत, त्याने सहा हजार मैलांवर नवी फौज पाठविण्याची भाषा कोणत्या तोंडाने करावी? १८ फेब्रुवारीस पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपविल्याचे जाहीर झाले, २० तारखेस हिंदुस्थानची घोषणा झाली, आणि २१ तारखेस ग्रीस व तुर्कस्तान यांना यापुढे मदत देणे शक्य नाही असे अमेरिकेस कळविण्यात आले. चार दिवसांत तीन ओझी उतरविली गेली.

या घोषणेवर कॉमन्स सभेत चर्चा झाली ती ५ व ६ मार्च रोजी. योगायोग असा की, त्या मोसमातील सर्वांत मोठे हिमवादळ याच सुमारास आले आणि इंग्लंड व वेल्सचे असंख्य रस्ते व लोहमार्ग पुन्हा गाडले गेले. चर्चिल यांनी चौदा महिन्यांची मुदत म्हणजे पळ काढणे होय, अशा आशयाची कडक टीका केली. मतदानात ३३७ विरुद्ध १८५ असा सरकारचा विजय झाला. इकडे पंजाबात २ मार्च रोजी खिजर हयात खान यांनी राजीनामा दिला होता आणि लाहोर, अमृतसर, रावळपिंडी येथे रक्त सांडू लागले होते. मुदतीच्या घाईची किंमत कोण देणार, हे त्याच आठवड्यात दिसू लागले होते.

१० मार्चपासून बर्फ वितळू लागला. जमीन खोलवर गोठलेली असल्याने पाणी मुरेना. त्यात पाऊस आला, १६ तारखेस वादळी वारे आले, आणि टेम्स, ट्रेंट, सेव्हर्न, औज या नद्यांनी एक लाखाहून अधिक घरांत पाणी घातले. पूर्व इंग्लंडच्या सखल फेन भागातील बांध फुटले आणि शेते तळी झाली. माउंटबॅटन २२ मार्चला दिल्लीस उतरले तेव्हा तिकडे त्या भागात पाणी अद्याप ओसरलेले नव्हते.

त्या तीन आठवड्यांच्या बंदीमुळे सुमारे वीस कोटी पौंडांची निर्यात बुडाली असे मंत्री क्रिप्स यांनी सांगितले. जुलैत पौंड डॉलरमध्ये बदलून देण्याचे बंधन अमलात आले; ते २० ऑगस्ट रोजी, आपला तिरंगा चढून पाच दिवस झाले असता, थांबवावे लागले. ऑक्टोबरमध्ये शिनवेल यांच्याकडील इंधनखाते ह्यू गेट्स्केल यांना देण्यात आले आणि शिनवेल युद्धखात्याकडे गेले.