नवे सर

संपादक मंडळाने कळवले, "अमेरिकेत राहतोस, तिकडच्या खेळांवर काहीतरी लिही." आपल्या तुकडीला आठवत असेल, मी शाळेच्या बास्केटबॉल संघात होतो आणि बहुतेक सामने बाकावर बसून पाहिले. पाहण्याची ती सवय पुढेही टिकली. नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनात येऊन मला वीस वर्षे होऊन गेली. या राज्यात कॉलेजच्या बास्केटबॉलला आपल्याकडच्या क्रिकेटचे स्थान आहे. म्हणून इथल्या एका हंगामाचा आणि त्यातल्या प्रशिक्षक-बदलाचा इतिहास सांगतो. तो मला का सांगावासा वाटतो, ते शेवटी येईल.

अमेरिकेतील कॉलेजे खेळासाठी आपापले गट करतात. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. आमच्या भागातील 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स' १९५३ साली स्थापन झाली. २०२१-२२ मध्ये तिच्यात पुरुषांचे १५ संघ होते. त्यांतले दोन कट्टर प्रतिस्पर्धी म्हणजे डरहॅमचे ड्यूक विद्यापीठ आणि चॅपल हिलचे नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. दोघांमधले अंतर जेमतेम १६ किलोमीटर. चॅपल हिलच्या क्रीडागृहात २१ हजारांहून अधिक माणसे बसतात आणि ड्यूकचा सामना असला की तिकीट मिळत नाही. माजी विद्यार्थी घसघशीत देणग्या देतात, त्यामुळे प्रशिक्षक कोण असावा याबद्दलही ते मोठ्या आवाजात बोलतात.

१ एप्रिल २०२१ रोजी चॅपल हिलचे रॉय विल्यम्स निवृत्त झाले. तारीख पाहून अनेकांना आधी थट्टाच वाटली. त्यांनी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली होती. त्यांच्या जागी आले ह्युबर्ट डेव्हिस, याच विद्यापीठाचे माजी खेळाडू आणि नऊ वर्षे विल्यम्स यांचे सहायक. कॉलेजच्या मुख्य संघाचे प्रमुखपद त्यांनी पूर्वी कधी सांभाळले नव्हते. दोनच महिन्यांनी ड्यूकचे माइक शशेफ्स्की यांनी जाहीर केले की पुढचा हंगाम आपला शेवटचा. सगळे त्यांना 'कोच के' म्हणत. ते १९८० पासून ड्यूकमध्ये होते आणि पाच विजेतेपदे त्यांच्या नावावर होती. वारस म्हणून त्यांचाच माजी खेळाडू जॉन शायर याचे नाव ठरले.

थोडे मागे जायला हवे. चॅपल हिलमध्ये आज ज्यांच्या नावाचे क्रीडागृह आहे, ते डीन स्मिथ १९६१ मध्ये प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात ८ विजय आणि ९ पराभव. जानेवारी १९६५ मध्ये एका पराभवानंतर संघाची बस परतली, तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवला होता. बिली कनिंगहॅम या खेळाडूने तो खाली ओढला. पहिले राष्ट्रीय विजेतेपद आले १९८२ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी. त्या संघात मायकेल जॉर्डन पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता.

कोच के यांची कथाही तशीच. पहिल्या तीन हंगामांत ३८ विजय, ४७ पराभव. मार्च १९८३ मध्ये व्हर्जिनियाने त्यांच्या संघाला १०९-६६ असे धुतले. त्यांना काढा म्हणून ड्यूकचे समर्थक मागे लागले होते. क्रीडा संचालक टॉम बटर्स यांनी पुढच्याच वर्षी त्यांचा करार वाढवून दिला. तो निर्णय तेव्हा कुणाला आवडला असेल?

आता पुन्हा २०२१-२२ च्या हंगामाकडे. डेव्हिस यांचा संघ जानेवारीत एकाच आठवड्यात मायामीकडून २८ आणि वेक फॉरेस्टकडून २२ गुणांनी हरला. ५ फेब्रुवारीला कोच के शेवटचे चॅपल हिलला आले आणि ८७-६७ असे जिंकून गेले. आमच्या ऑफिसात निदान झाले होते : माणूस भला आहे, पण झेपत नाही. मीही मान डोलावली.

५ मार्चला ड्यूकच्या मैदानावर कोच के यांचा निरोपाचा सामना होता. नव्वदहून अधिक माजी खेळाडू जमले होते. एखाद्या गुरूच्या सत्काराला शिष्य गोळा व्हावेत तसे ते एकसारख्या पोशाखात उभे होते. आणि चॅपल हिलने ९४-८१ असा सामना जिंकला! समारंभ सामन्यानंतर होता. कोच के यांनी माइक हातात घेऊन आजच्या खेळाबद्दल सरळ माफी मागितली.

कॉन्फरन्सच्या साखळीत ड्यूक पहिले आले होते, पण ब्रुकलिनच्या अंतिम सामन्यात सातव्या मानांकनाच्या व्हर्जिनिया टेकने त्यांना हरवून आपले पहिले विजेतेपद घेतले. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र ड्यूक आणि चॅपल हिल दोघेही शेवटच्या चारांत पोचले. इतक्या वर्षांच्या वैरात या स्पर्धेत ते कधी समोरासमोर आलेच नव्हते. २ एप्रिल २०२२, न्यू ऑर्लिन्स. केलेब लव्हने २८ गुण केले. साधारण २५ सेकंद उरले असताना लांबून टाकलेला त्याचा चेंडू रिंगमधून गेला आणि चॅपल हिल ८१-७७ असे जिंकले. कोच के यांचा तो शेवटचा सामना ठरला. दोन दिवसांनी अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांनी पुढे असलेला चॅपल हिलचा संघ कॅन्ससकडून ७२-६९ असा हरला. तरीही 'झेपत नाही' हे शब्द आमच्या ऑफिसात पुन्हा ऐकू आले नाहीत. निदान त्या वर्षी तरी नाही!

कारण पुढच्याच हंगामात देशात पहिल्या क्रमांकाने सुरुवात करणारा हाच संघ राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलाही गेला नाही. कुरकुर पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये तो साखळीत पहिला आला. इकडे शायरने पहिल्याच वर्षी कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली. सिराक्यूजचे जिम बेहाइम ४७ हंगामांनंतर मार्च २०२३ मध्ये थांबले आणि त्यांच्याच माजी खेळाडूकडे सूत्रे गेली. मात्र घरचा माणूस आणला की यश येतेच असे नाही. लुईव्हिलने १९८६ च्या आपल्या विजेत्या संघातील केनी पेन यांना आणले. दोन हंगामांत १२ विजय आणि ५२ पराभव झाले, आणि त्यांना जावे लागले. धीर धरल्याने प्रत्येक वेळी फळ मिळत नाही. पण स्मिथ आणि कोच के यांच्या बाबतीत धीर धरला नसता, तर या दोन्ही विद्यापीठांचा इतिहास आज सांगतो तसा झाला नसता, एवढे नक्की.

डीन स्मिथ यांचा एक दंडक होता. ज्याने गोल केला त्याने ज्याच्या पासवर तो झाला त्याच्याकडे बोट दाखवायचे. श्रेय कुठून आले ते सगळ्या मैदानाला दिसले पाहिजे. २०१५ मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्या हाताखाली खेळलेल्या सुमारे १८० जणांना टपालाने प्रत्येकी २०० डॉलरचा धनादेश आला. बाहेर छान जेवा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

आता स्वतःचे. आपण नववीत असताना पी.टी.चे जुने सर निवृत्त झाले आणि जूनमध्ये नवे सर आले. जुने सर ओरडायचे, नवे सर समजावून सांगायचे, आणि आम्हाला ते नेमके कमीपणाचे वाटायचे. त्या वर्षी आंतरशालेय स्पर्धेत आपण पहिल्याच फेरीत हरलो. मग 'जुन्या सरांना परत बोलवा' असा अर्ज मुख्याध्यापकांकडे गेला. खाली अकरा सह्या होत्या. मजकूर माझ्या अक्षरात होता, कारण संघात माझे अक्षर बरे. दुसऱ्या दिवशी सहा वाजता सर नेहमीसारखे किल्ली घेऊन कोर्टावर हजर होते. त्यांनी मला बाजूला घेतले. वाटले, आता कानाखाली बसणार. ते एवढेच म्हणाले, "अक्षर छान आहे रे. सामन्याची गुणपत्रिका आजपासून तू लिहायचीस."

कोर्टावर कोण काय करतो, कुणाच्या पासवर गुण होतो, हे बघायला मी त्या गुणपत्रिकेमुळे शिकलो. आज मी हा खेळ जो काही समजू शकतो, तो तिथून. आणि तरीही दहावी होईपर्यंत, दोन वर्षे, आम्ही त्यांना 'नवे सर'च म्हणत राहिलो.

मेळाव्याला सर येणार आहेत असे कळले. सर, त्या अर्जाबद्दल मी कधी माफी मागितली नाही, ती आज मागतो. उरलेल्या दहा जणांनी आपापली मागावी. आणि त्या दिवशी मंडपात, चहाच्या रांगेत, कुणी माझ्या या लेखाचे कौतुक केलेच, तर मी तुमच्याकडे बोट दाखवणार आहे. तेवढे चालवून घ्या.