तुळशीकडचा फोटो

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या मुलीचं लग्न झालं. फोटोवाले चौघंजण आले होते. एकजण ड्रोन उडवत होता, त्याच्या घरघरीनं शेजारच्या गोठ्यातली कालवड दावं तोडून पळाली. त्यांच्यातला मुख्य पोरगा सारखा ओरडत होता, "नॅचरल हसा! कॅमेऱ्याकडं बघू नका, एकमेकांशी बोला!" वहिनी, म्हणजे नवरीची आजी, माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "भावजी, काय बोलायचं ते तरी सांग म्हणावं त्याला."

मला मामांची आठवण झाली. मामा माझे सख्खे कोणी नव्हेत. तालुक्याला एसटी स्टँडच्या मागं त्यांचं फोटोचं दुकान होतं आणि सगळा करमाळा तालुका त्यांना मामाच म्हणायचा. 1976 च्या मार्चात मी दहावीची परीक्षा दिली. अकरावी मॅट्रिक मोडून दहावी आली, तिचं ते दुसरंच वर्ष. निकाल लागेपर्यंत घरी बसून काय करायचं म्हणून वडलांनी मला मामांच्या हाताखाली धाडलं. बॅग उचलायची, स्टँड धरायचा, पाणी शेंदायचं. पगार नव्हता. लग्नाचं जेवण मात्र रोज होतं.

त्याआधी आमच्या भागात फोटो म्हणजे जत्रेतला. मागं रंगवलेला पडदा, त्यावर ताजमहाल नाहीतर मोटार. माणूस खुर्चीत गुडघ्यावर हात ठेवून बसायचा आणि फाशीची शिक्षा ऐकल्यासारखं तोंड करायचा. म्हातारी माणसं तर फोटोलाच भ्यायची, आयुष्य कमी होतं म्हणायची. फोटोत हसायचं असतं हे कुणाच्या गावी नव्हतं. हसला तर पाव्हणे म्हणतील, नवरा उथळ दिसतोय.

मामांकडंही तसा पडदा होता, पण लग्नाला जाताना ते तो कधी न्यायचे नाहीत. "ज्याचं दार त्याच्या मागं असावं," एवढंच म्हणायचे. जमलं तर आदल्या दिवशी हळदीलाच जायचे. गेल्या गेल्या कॅमेरा काढायचा नाही. ओसरीवर बसायचं, पाणी मागायचं, बैल कुठून घेतला, ज्वारी किती झाली, आत्याबाईचा गुडघा कसा आहे, सगळं विचारायचं. तंबाखूची देवाणघेवाण झाली की घरातली माणसं त्यांना विसरून जायची. तेव्हा कुठं बॅगेचा बंद सुटायचा.

त्यांचा कॅमेरा यशिका होता, एकावर एक दोन भिंगं असलेला. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि वरून खाली काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडं दिसतं आणि उजवं डावीकडं. मी पहिल्यांदा डोकावलो तेव्हा नवरा पळून चालल्यासारखा वाटला. पण ह्या कॅमेऱ्याचा एक मोठा गुण होता. बघणाऱ्याची मान खाली असते. समोरच्याला वाटतं हा माणूस आपल्याकडं बघतच नाही, काहीतरी खुडबुडतोय. मामांना ते बरोबर ठाऊक होतं. बंदुकीसारखा कॅमेरा रोखला की बाईमाणूस पदर ओढतं आणि गडी छाती फुगवतो, असं ते म्हणायचे.

एका रोलात बारा फोटो. लग्नाला दोन रोल, म्हणजे चोवीस. त्यातले पंधरा-सोळा ठरलेले: हार घालताना, सप्तपदी, दोन्हीकडचे पाव्हणे, वरमाई, मामा-मावश्या. राहिले आठ. ते आठ मामांचे स्वतःचे. आताची पोरं एका दिवसात दोन-दोन हजार काढतात म्हणे. मामा त्या आठांसाठी दिवसभर थांबायचे. पंगतीत वाढून वाढून दमलेली पोरं, रुखवताकडं टक लावून बसलेली एखादी विधवा, जोडे राखत झोपलेला म्हातारा. फ्लॅश होता, पण तो गोरज मुहूर्ताला अंधार पडला तरच. एरवी ओसरीचा उजेड. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असली तर मला धुतलेलं पांढरं धोतर आडवं धरून उभं करायचे. धोतरावरचं ऊन तोंडावर पडायचं. लोकांना वाटायचं पोरगं धोतर वाळवतंय.

ह्या थांबण्यापायी एकदा पुरती फजिती झाली. आमच्याकडं मंगलाष्टकं चालू असताना मुलीच्या आईनं लग्न बघायचं नसतं. ती मागल्या दारी तुळशीला पाणी घालत उभी राहते. मामांचा त्या फोटोवर फार जीव. दुसरं-तिसरं कडवं झालं की ते हळूच मंडपातून निसटायचे, तो फोटो घ्यायचे आणि शेवटच्या कडव्याला परत यायचे. त्या दिवशी भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं, त्यांनी दोन कडवी गाळली. आम्ही मागल्या दारी असतानाच ताशा कडाडला. धावत आलो तर हार पडलेले. नवऱ्याकडच्यांनी आकाशपाताळ एक केलं. हार काढून पुन्हा घालायला लावू, असं मी मामांना सुचवलं. ते म्हणाले, "खोटं होईल ते." पैसे तर बुडालेच, वर रोलाचा खर्चही अंगावर पडला. माझं आजही मत आहे की तिथं मामांचं चुकलं. ज्याचं लग्न त्याचा हाराचा फोटो हुकवायचा आणि वर खऱ्याखोट्याचं सांगायचं, हे काही बरं नव्हे.

त्याच मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. आमचं गाव भीमेच्या काठाला, अगदी पाण्यालगत. नाव सांगून उपयोग नाही, त्या नावाचं गाव आता वर माळावर आहे. उजनीचं धरण तेव्हा बांधून होत आलं होतं. मोजणीवाले येऊन घरांवर चुन्याचे आकडे टाकून गेले होते. लग्नासाठी आम्ही भिंती सारवल्या, पण आमच्या घराचा आकडा वडलांनी पुसू दिला नाही. सरकारी खूण आहे, म्हणाले.

बहिणीच्या लग्नात मामांनी तुळशीकडचा फोटो काढला. मी बॅग घेऊन शेजारीच होतो. प्रिंट आली तेव्हा आई रागावलीच. "पदर तरी नीट घेऊ द्यायचा! हातात तांब्या, तोंड रडवं, हा काय फोटो झाला?" तिनं तो ट्रंकेत तळाशी टाकला. भिंतीवर लागला तो ग्रुपफोटो, देवांच्या तसबिरीशेजारी.

1980 ला धरण पुरं झालं. त्याच्या आधीच आमचं गाव उठलं होतं. आढ्याची लाकडं, दारं, चौकटी बैलगाड्यांत घालून माळावर आणल्या. तुळशीवृंदावन दगडाचं होतं, ते तिथंच राहिलं. पुढं कधी दुष्काळात पाणी हटलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, लोक बघायला जातात. आमचं घर मातीचं. ते उघडं पडलं तरी ओळखायला काय उरणार?

मधल्या काळात फोटोचं जग पालटलं. रंगीत रोल आले, ते धुवायला शहरातल्या लॅबला जायचे. मामांची लाल बल्बची खोली अडगळीची झाली. मग व्हिडिओ शूटिंग आलं. तो डोळे दिपवणारा लाईट पंगतीत आला की माणसं घास तोंडाशी धरून थांबायची. मामा म्हातारे झाले आणि 2008 साली गेले.

वर्षभरानं त्यांच्या मुलाचा निरोप आला. दुकान रिकामं करतोय, जुन्या निगेटिव्हची पोती आहेत, भंगारवाला मागतोय. काळ्यापांढऱ्या फिल्मवर चांदी असते, ती काढून घेतात. मुलाचा दोष नाही, त्याला तरी काय करायची होती लोकांची लग्नं? मी दोन दिवस त्या पोत्यांत बसलो. मामा प्रत्येक पाकिटावर गाव आणि साल पेन्सिलीनं लिहायचे. आमच्या गावाची एकोणीस पाकिटं निघाली. पार, वेस, नदीचा घाट, मारुतीचं देऊळ, सगळं कुणा ना कुणाच्या लग्नामागं उभं होतं. पडदा लावला असता तर एकोणीस ताजमहाल हाती लागले असते.

तुळशीकडच्या फोटोची निगेटिव्ह उजेडावर धरली. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, तरण्या आईचे केस पांढरेफेक दिसत होते, त्या दिवशी घरी होते तसेच. पण त्यात आणखी काहीतरी होतं. यशिकाची निगेटिव्ह चौकोनी असते आणि प्रिंटचा कागद लांबट, त्यामुळं एखादी कड कापावीच लागते. आमच्या प्रिंटमध्ये डावी कड गेली होती. तिथं गोठ्याच्या मेढीला टेकून वडील उभे होते. मंडपात असायला हवे होते त्या वेळी. डोक्यावरचा फेटा हातात, आणि तोंड बैलाच्या मानेत खुपसलेलं. मी तिथं होतो आणि मला ते दिसले नव्हते. मामांनी पाकिटावर गाव-साल लिहिलं होतं, त्याखाली बारीक अक्षरात होतं: 'डावी बाजू घेऊ नये.'

वडील जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं, गाव उठतानासुद्धा नाही. ती बाजू आता घ्यावी की नको ह्यावर मी चार-आठ दिवस घातले. शेवटी पुण्याच्या एका लॅबवाल्याकडून पूर्ण निगेटिव्हचा मोठा फोटो करून आणला आणि आईच्या हातात दिला.

तिनं चष्मा लावला. आधी घर बघितलं. कोनाडा, रांजण, चुन्याचा आकडा, एकेकावर बोट ठेवलं. तुळशीवर जरा जास्त वेळ. मग बोट डावीकडं गेलं आणि थांबलं.

"हा तांबडा," ती म्हणाली. काळ्यापांढऱ्या फोटोत तांबडा आणि काळा सारखाच दिसतो, पण तिनं ओळखला. "लग्नाच्या देण्यापायी पुढच्या बाजारात विकला ह्याला."

वडलांबद्दल ती काहीच बोलली नाही. फोटो पदरानं पुसला आणि माझ्याकडं देत म्हणाली, "भिंतीला लावू नको. आतल्या कपाटात ठेव."