पाय घेणारी डाळ

मंडळी, आमचा जऊळक्याचा भाग तूर-सोयाबीनचा. लाखेची डाळ, म्हणजे लाखोळी, ही भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडची, धानाच्या मुलखातली. तिकडे कापणीच्या आधी उभ्या धानातच, ओल्या जमिनीत तिचं बी फेकतात. नांगरट नको, खत नको, पाणी नको. पाऊस दगा देवो की गारपीट होवो, लाख तग धरते. तिचा हा गुणच गरिबाच्या जिवावर उठला.

शेंगवर्गातली पिकं मुळांवरच्या गाठींतल्या जिवाणूंकडून हवेतला नायट्रोजन मिळवतात. त्याची प्रथिनं होतात हे आपण शाळेत शिकवतो. पण त्याच नायट्रोजनपासून काही झाडं स्वतःच्या रक्षणासाठी विषही बनवतात. युरोपात लुपिन नावाचं कडधान्य आहे, त्याचं बी कडूजहर. लोक ते कित्येक दिवस पाण्यात भिजवून, पाणी बदलून मगच खात. १९२०च्या दशकाच्या अखेरीस झेंगबुश या जर्मन शास्त्रज्ञाने असंख्य झाडं तपासून त्यातली मोजकी गोड झाडं शोधली. लुपिनचं एक बरं, जीभच सावध करते. लाखेचं विष मात्र जिभेला कळत नाही. डाळ चवीला चांगली लागते, आणि कळतं ते पायांना.

१८२९ ते १८३१ अशी तीन वर्षं सागर जिल्ह्यात गहू बुडाला. आधी गारपीट, मग अवर्षण, मग रोग. लाख तेवढी वाचली आणि लोक तिच्यावर जगले. १८३३ पासून तरण्याताठ्या माणसांचे पाय कमरेखाली निकामी होऊ लागले, असं स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मध्य प्रांतात पुन्हा तेच झालं. बुकॅनन या डॉक्टरचा त्यावरचा अहवाल १९०४ साली नागपुरात छापला गेला. पाय ताठरतात, काठीशिवाय चालवत नाही, आणि एकदा गेलेले पाय परत येत नाहीत.

१९६४ मध्ये बंगळूरच्या राव, अडिगा आणि सरमा यांनी हे विष वेगळं काढलं. ते एक अमिनो आम्ल आहे. मज्जापेशींना ते आपल्याच निरोप्यासारखं वाटतं, आणि तिथेच घात होतो. पण रोज थोडी डाळ खाऊन कोणी पांगळं होत नाही. जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाख, तीही दोन-तीन महिने सलग, असं झालं की धोका. आता असं कोण खाणार? ज्याच्या घरात दुसरं काहीच नाही तो. रीवा भागात तर वेठबिगाराला मजुरीच लाखेत मिळे. मालक गहू विकायचा!

मला राहून राहून वाटतं, की दोष डाळीचा किती आणि त्या मजुरीचा किती? सरकारने १९६१ मध्ये विक्रीवर बंदी घातली. वेठबिगारीविरुद्धचा कायदा यायला १९७६ उजाडलं. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं झगडले. पुढे रतन, प्रतीक, महातिवडा अशी कमी विषाची वाणं निघाली. म्हणजे लुपिनचीच वाट, फक्त इथे जिभेऐवजी प्रयोगशाळेने चव घ्यायची.

असो. तुरीच्या डाळीत लाखेची भेसळ होते, म्हणून घरच्या सुनांना सांगून ठेवतो. तुरीचा दाणा गोलसर असतो, लाखेचा पाचरीसारखा, एका बाजूने उतरता. शंका आली तर डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावं, बरंचसं विष त्यातच निघून जातं.