‘मिलचे बेअरिंग तापले’

१. तासगाव तालुक्यात तुरचीला आहे तशा साखर कारखान्यांत ऊस पिळणाऱ्या मिलच्या रोलरना मोटारीच्या चाकासारखे गोळ्यांचे बेअरिंग सहसा नसते. तेथे गनमेटलचे जाडजूड अर्धगोल कवच असते आणि रोलरचा दांडा त्यात टेकून फिरतो. फेरे मिनिटाला जेमतेम ४-५, पण वरच्या रोलरवर हायड्रॉलिक दाब शेकडो टनांचा. एवढ्या मंद गतीत तेलाचा अखंड थर धरत नाही आणि धातू धातूला भिडतो. म्हणून डांबरासारखे घट्ट तेल वापरतात आणि कवचाच्या पोटातून थंड पाणी खेळवतात. उसाचा रस आत झिरपला की तेल धुऊन जाते. बहुतेक वेळा घात होतो तो इथेच.

गनमेटल पोलादापेक्षा मऊ असते, ते मुद्दाम. झिजायचे ते कवचाने, दांड्याने नव्हे. कवच बदलता येते. हंगाम संपल्यावर फिटर दांड्याला निळा रंग फासून त्यावर कवच फिरवतो. निळा डाग उठेल तो उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा. डाग सर्वत्र सारखे उठेपर्यंत हे चालते. माझ्या मते बेअरिंगचे आयुष्य मिश्रधातूइतकेच या हातांवर ठरते.

वरच्या ओळीत मूळ लेखकाने ‘तापले’ एवढेच लिहिले आहे. पण बेअरिंग तापले की मिल थांबवावी लागते. मिल थांबली की गळीत थांबते आणि तोडलेला ऊस गाडीतच वजन व साखर दोन्ही गमावत राहतो, हे वाचकाने ध्यानात घ्यावे. – संपादक