बाईचा रोज, गड्याचा रोज : थोडा मागचा इतिहास

आजची नोंद पिकाची नाही, मजुरीची आहे.

आपल्याकडं रोज ठरतो तो माणूस बघून. औत, फवारणी, पोती उचलणं हे गड्याचं काम. खुरपणी, लावणी, वेचणी हे बाईचं. एकाच रानात, एकाच उन्हात दिवस जातो, पण संध्याकाळी बाईच्या हातात कमी पैसे पडतात. विचारलं तर उत्तर तयार असतं, "तिचं काम हलकं." दिवसभर वाकून खुरपं चालवणं हलकं आहे, हे ठरवलं कुणी?

"पहिल्यापासून असंच चालत आलंय," असं आपण म्हणतो. पण मधे एक वेगळी गोष्ट घडून गेली.

१९७२ चा दुष्काळ पडला. शेतात काम उरलं नाही. सरकारनं पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडी फोडणं अशी कामं काढली. बाया मोठ्या संख्येनं कामावर आल्या. त्याच काळात रोजगार हमी योजना राज्यभर गेली. ती मांडणारे वि. स. पागे, आपल्या सांगली जिल्ह्यातले, तेव्हा विधान परिषदेचे सभापती. पुढं १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

या योजनेत मजुरी कामाच्या मापावर. किती माती निघाली, किती खडी फुटली, टेप लावून मोजायचं. बाईला एक दर आणि पुरुषाला दुसरा, असं नाही. टेपला बाई-गडी कळत नाही.

१९७६ साली देशात समान वेतन कायदा आला. एकाच किंवा सारख्या कामाला बाई-पुरुषाला सारखी मजुरी, आणि कामावर घेतानाही भेदभाव नको. त्यात आणखी एक चांगली गोष्ट होती : बरोबरी करायची म्हणून कुणाची मजुरी कमी करता येणार नाही. म्हणजे खालचा दर वर न्यायचा, वरचा खाली आणायचा नाही. आता हा विषय २०१९ च्या वेतन संहितेत घेतलाय.

मग शेतात फरक कसा राहिला? कायदा म्हणतो "सारखं काम", आणि आपण कामालाच दोन नावं देऊन ठेवलीत. काम वेगळं म्हटलं की दर वेगळा करायला मोकळे.

नुसत्या मापानंही सगळं भागत नाही. कापूस वेचणी किलोवर असते, तिथं वजनाला दर एकच. पण ऊसतोडीत बघा. तोड टनावर, माप चोख. तरी नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, ती अर्धा कोयता. उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात जाते. मोळी तिच्याच डोक्यावर असते, पण हिशोबाच्या वहीत तिचं नाव नसतं.

म्हणून दोन गोष्टी लागतात : कामाचं माप, आणि जिचं काम तिच्या हातात पैसा.

खुरपणीला बाया मिळत नाहीत अशी ओरड सगळीकडं आहे. मजूरटंचाईवर बोलताना आपण यंत्राची किंमत काढतो, तणनाशकाची काढतो. खुरपणीचा रोज किती आणि फवारणीचा किती, हे दोन आकडे एकदा शेजारी-शेजारी लिहून बघा. तुमच्या गावात काय दर चाललाय तेही कळवा.